१ एप्रिल : लाकूड, माती, पाणी

१९८७ साली आजच्याच तारखेला अमेरिकेतल्या मेन राज्यात केनेबेक नदीला पूर आला आणि फोर्ट हॅलिफॅक्सचा १७५४ सालचा लाकडी बुरूज वाहून गेला. प्रवाहात खालच्या बाजूला सापडलेले ओंडके गोळा करून १९८८ मध्ये तो पुन्हा रचला. लाकडी बांधकामाचं हे बळ मला फार मोलाचं वाटतं. सांधा सुटतो, पण तुळई शाबूत राहते.

हॅलिफॅक्सला रसद पुरवणारा फोर्ट वेस्टर्न हा किल्लाही १७५४ सालीच बांधलेला. याच नदीकाठच्या ऑगस्टामध्ये, जिथून पुढे मोठी गलबतं जात नाहीत आणि माल लहान होड्यांत भरावा लागतो, तिथे. आज ते जिवंत इतिहासाचं संग्रहालय आहे, म्हणजे त्या काळचं जगणं तिथे प्रत्यक्ष करून दाखवतात. मुख्य इमारत मूळची, बुरूज आणि कुंपण मात्र विसाव्या शतकात नव्याने उभारलेले.

कुंपण टिकत नाही, कारण त्याचे खांब जमिनीत पुरलेले असतात. खोल मातीत हवा कमी, वरच्या भागावरचं पाणी वाऱ्याने सुकतं. पण माती संपते त्या वीतभर पट्ट्यात हवा आणि ओल दोन्ही मिळतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. बुडाशी सिमेंट ओतणं सर्वांत वाईट : लाकूड आकसतं, फट पडते आणि पाणी आत कोंडतं. आपल्या वाड्यांत खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, उभा करतात, तो याचसाठी. तपासायचं तर पट्ट्यात टोच्या रोवून बघावा. सहज आत गेला तर वरून धडधाकट दिसणारा खांबही गेलेला असतो.

मुख्य इमारत वाचली ती वापरामुळे. सैन्य गेल्यावर हॉवर्ड कुटुंबाने तिथे दुकान चालवलं, पुढे भाडेकरू राहिले. माणसं राहतात तिथे गळकं छप्पर फार दिवस तसंच राहत नाही.

१७७५ च्या सप्टेंबरात अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्ड सुमारे अकराशे माणसं घेऊन कॅनडातल्या ब्रिटिशांच्या क्विबेकवर निघाला, त्याचा नदीतून वरचा प्रवास या फोर्ट वेस्टर्नहूनच सुरू झाला. त्याच्या दोनशे होड्या महिन्याच्या आत, ओल्या लाकडाच्या बांधलेल्या. इंचभर जाडीची फळी उघड्यावर सुकायला साधारण वर्ष लागतं. त्या फळ्या वाटेत आकसल्या, शिवणी उघडल्या, बिस्किटं आणि वाटाणे भिजून वाया गेले. किल्ला दाखवताना हे आधी सांगायला हवं, तोफांचं नंतर.