तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सेट’चे अर्थ किती?

“मॅडम, इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कुठल्या शब्दाला?” मी नाशिकला मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नवी बॅच सुरू झाली की हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर तयार असतं: ‘सेट’.

ते उत्तर आता शिळं झालंय. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती, नुसत्या क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ. पुढच्या फेरसंपादनात ‘रन’ने बाजी मारली. क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर या संपादकांचे त्या एका शब्दात नऊ महिने गेले.

माझा जीव मात्र ‘सेट’वरच, कारण तो आपल्याकडे घरचाच झालाय. सातपूर-अंबडला मशीन सेट करणाऱ्याचा हुद्दाच ‘सेटर’. स्लॅबचं काँक्रीट सेट होतं. सटाण्याकडचा डाळिंबवाला “सेटिंग कशी झाली?” विचारतो, म्हणजे फुलांतून फळ किती धरलं. सराफाकडे सेट म्हणजे हार आणि कानातले. प्राध्यापक व्हायचं तर सेट-नेट. पोरगा पुण्यात सेट झाला की आई-बाप सुटले. आणि ‘त्याची आत सेटिंग आहे’ याचा अर्थ मला वर्गात कधी सांगावा लागला नाही.

यात एक गंमत आहे. सराफाचा सेट आणि सेटरचा सेट मुळात वेगळे. मशीन सेट करणं हे जुन्या इंग्रजीतल्या ‘बसवणे’ अर्थाच्या क्रियापदातून आलं. संच या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून, त्यामागे लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. दोन गावचे पाहुणे एका नावाने राहिले, आणि हळूहळू एकमेकांत मिसळले.

“पण एवढे अर्थ पाठ कसे करायचे?” करू नका. आपलं ‘लागणे’ बघा. भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, ठेच लागते, डोळा लागतो, बोअरला पाणी लागतं, पोरगं वाईट नादाला लागतं. कोणी याची यादी घोकली होती? शेजारी कोण बसलंय त्यावरून अर्थ कळतो. टेबलाला सेट लावला तर ताटं-वाट्या मांडायच्या, घड्याळाला लावला तर वेळ लावायची.

हा उपाय एका ठिकाणी मात्र फसतो. ‘सेट’च्या मागे ‘ऑफ’, ‘इन’, ‘बॅक’ असली शेपटं आली की अंदाज चालत नाही. प्रवासाला निघणं ‘सेट ऑफ’, आणि फटाका उडवणंही ‘सेट ऑफ’च. पावसाळा ‘सेट इन’ होतो, म्हणजे जम बसवतो. कामाला खीळ बसली तर ‘सेट बॅक’. इथे वही काढा आणि वाक्यासकट लिहून घ्या. मीही तसंच शिकले.