शूटिंगची चौथी नोंद: चोवीस माग आणि एक माइक

मागच्या नोंदीत माझ्या लघुपटासाठी यंत्रमागाचा कारखाना मिळाला इथवर सांगितलं होतं. आता सहापैकी पाच दिवसांचं शूटिंग उरकलंय. खर्च ९,४०० रुपये झाला, त्यातले निम्म्याहून जास्त रेकॉर्डर आणि कॉलर माइकच्या भाड्यात गेले. कॅमेरा म्हणजे मित्राचा मोबाइल. हे उलटं वाटेल, पण पुन्हा फिल्म केली तरी मी पैसे असेच लावीन.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी गोष्ट एवढीच आहे. सोलापूरच्या पूर्व भागातला एक कामगार, तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला. घरी आला तरी मागासमोर बोलावं तसा ओरडून बोलतो. कॉलेजातल्या पोराला त्याची लाज वाटते. एक दिवस पोरगा डबा द्यायला कारखान्यात जातो. बारा मिनिटं.

पहिला दिवस सोपा गेला. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर पहाटे बापलेकाचा चालत जाण्याचा शॉट, मागं पाण्यात देऊळ. भुईकोट किल्ल्याच्या आत जायचं होतं, पण तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला, परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. अर्ज करण्याइतका वेळ हाताशी नव्हता, म्हणून तटबंदी बाहेरूनच घेतली. साडेनऊनंतर मात्र आपल्याकडचं ऊन काही करू देत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर इथं भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, पायाखालीसुद्धा सावली सापडत नाही. चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. आम्ही मार्चमध्ये शूट करत होतो तरी अकरा वाजता तेच झालं. थर्माकोलची शीट छातीखाली धरून थोडं निभावलं, पण खरा उपाय म्हणजे दुपारी घरातले सीन घेणं.

घरातला सीन दुसऱ्या दिवशी ठरवला आणि मी एक गोष्ट विचारायलाच विसरलो: गल्लीत पाण्याचा दिवस कधी आहे? आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे जन्मापासून माहीत असून शेड्यूल लिहिताना डोक्यात आलं नाही. दहा वाजता पाणी सुटलं आणि आठ घरांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. तो दिवस गेला. सोलापुरात शूट करणार असाल तर कलाकारांच्या तारखांआधी पाण्याच्या तारखा लिहून घ्या.

त्या खोलीला पत्र्याचं छत आहे, आवाज घुमतो. आम्ही घरातल्याच सहा चादरी दोरीवर दुहेरी टांगल्या. जाड जेकार्डची सोलापुरी चादर वरचा, टोकदार घुमारा चांगला खाते; खालचा घुम्म आवाज तिच्यानं जात नाही. भांड्यांचा खणखणाट कमी झाला, फ्रिजची गुणगुण तशीच राहिली. शेवटी फ्रिजच बंद केला. किल्ली मी फ्रिजमध्ये ठेवली होती, म्हणजे घरी जाताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. ही युक्ती एका ध्वनिमुद्रकानं शिकवलेली, जरूर वापरा.

आता कारखाना. इथंच खरं शिकायला मिळालं.

मालकांनी आधी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावलं. एक माग चालू करून देतो म्हणाले. आम्ही खूश, कारण एकाच मागात संवादही ऐकू येणार. पण एकटा माग चोवीस मागांसारखा वाजतच नाही. एकट्या मागात धोट्याचा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी ठोकळ्याचा, ठोका मोजता येतो: खट, खट, खट. चोवीस मागांचे ठोके एकमेकांत मिसळले की ठोकाच उरत नाही, पाऊस पडतो. एकच आवाज चोवीस वेळा थरावर थर लावूनही पाहिला, पण प्रत्येक मागाची चाल किंचित वेगळी असते, ती त्यात येत नाही. कामाच्या दिवशी परत जावंच लागलं.

तिथं पहिल्या तासाचं सगळं रेकॉर्डिंग फाटलं. रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप ठरवणं, चालू राहिलं होतं. ते बंद करून, पातळी हातानं खाली आणून, मीटर उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ न देता पुन्हा घेतलं.

मग सिंकचा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवण्याचा, घोळ. एडिटिंगला दा व्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतोय, त्यात मोबाइलचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज लाटा जुळवून बसवता येतो. घरातले सीन झटक्यात बसले. कारखान्यातले एकही नाही. मागाचा आवाज सारखा तोच तोच, सॉफ्टवेअरला कुठंही जुळल्यासारखं वाटतं. क्लॅप तर त्या गोंगाटात बुडून जातो. उपाय साधा निघाला: बाहेर अंगणात दोन्ही चालू करायचं, टाळी वाजवायची आणि न थांबवता आत जायचं. प्रत्येक क्लिप मिनिटभर लांब होते, पण सिंक पक्का. मोबाइलचा मूळचा कॅमेरा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करतो, त्यानं आवाज सरकतो. म्हणून ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप घेऊन २५ फ्रेमवर कुलूप लावलं. शटर एक पन्नासांश, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. धोटा स्लो मोशनमध्ये हवा म्हणून १२० फ्रेम लावल्या तेव्हा अख्खा हॉल फडफडायला लागला. तो शॉट सकाळी दाराजवळच्या मागावर, निव्वळ उन्हाच्या उजेडात घेतला. धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांमधून, सुटतो, मागं सूत सोडत जातो, आणि आतल्या कांडीच्या, म्हणजे सुताच्या नळीच्या, टोकावरून सूत निघताना दिसतं. मला वाटतं फिल्ममधला सगळ्यात सुंदर शॉट तोच आहे.

बापाचं काम करणारे मामा स्वतः याच कामातून निवृत्त झालेले. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मी संवाद लिहिले होते पुस्तकी: "तू इथे काय करतो आहेस?" मामांनी दोनदा वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "काय करलालास बे हितं?" सगळा सीन तिथंच बदलला. पुढं स्क्रिप्ट मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहिली.

आणि कारखान्यात तर त्यांनी संवाद लागतच नाहीत हे दाखवलं. चालू मागांमध्ये कुणी ओरडत नाही, ओठ आणि हात वाचतात. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा, दोन बोटं फिरवली म्हणजे कांडी संपली. पोरगा डबा घेऊन दारात उभा राहतो तेव्हा मामांनी, मी न सांगता, ओठांनी फक्त "तिन्नवा रा?" म्हटलं. जेवलास का रे. आवाज शून्य. मी त्या शॉटला सबटायटल देणार नाही, पोराचा चेहरा पुरेसा आहे.

शेवटाला सगळे माग बंद पडून शांतता हवी होती. मेन स्विच पाडा म्हटल्यावर मालकांनी साफ नकार दिला: धोटा मधेच अडकला तर ताणा तुटतो, जोडायला तास जातात. बरोबर बोलले. म्हणून जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली. कामगार एकेक हँडल ओढत गेले, पाऊस थांबताना पागोळ्या उरतात तसा आवाज विरळ होत गेला. शेवटी पंखा आणि रस्त्यावरची रिक्षा. चाळीस सेकंद आम्ही कुणी हललो नाही.

काल मामांना हेडफोन लावून ते ऐकवलं. ऐकायला कमी येतं म्हणून आवाज वाढवून दिला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "दारातून सातव्या मागाचा पिकर ढिला झालाय, सांग त्यांना." पिकर म्हणजे धोट्याला धक्का देणारा भाग. मालकांना फोन केला. पाहिलं तर खरंच, त्यांनी आज तो बदलला. म्हणजे सहाव्या दिवशी हॉलचा आवाज वेगळा येणार, जुन्याशी जुळणार नाही. राहिलेले दोन शॉट आता मुके घेऊन जुनाच आवाज खाली टाकणार आहे.