अर्ध्या खुणा

बंड्या चौदा वर्षांचा गावठी कुत्रा. मूत्रपिंडं निकामी होत आलेली. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, नऊच्या वर; ते दीडच्या आसपास थांबायला हवं. तोंडात फोड, श्वासाला लघवीचा वास. डायलिसिस आमच्या भागात कुठलं? असतं तरी या वयात मी सुचवलं नसतं.

शेवटची काळजी म्हणजे शेवटचं इंजेक्शन, असं लोक धरून चालतात. खरं काम त्याआधीचं. कातडीखाली सलाईन द्यायला त्याला सांभाळणाऱ्या काकूंना शिकवलं: खांद्यामागची कातडी चिमटीत उचलायची, सुई आत, बाटली खुंटीला. मळमळीच्या गोळ्या, अंगाखाली जाड गोधडी, मधूनमधून कूस बदलणं. शिवाय भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज एक नोंद. स्वतःहून खाल्लं, उठला, शेपूट हलवली तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. फुल्या वाढल्या की फोन करा, म्हटलं.

फोन काही येईना. दुसऱ्या गोठ्यावरून परतताना डोकावलो, तर फुल्या मोजक्याच. खुणा मात्र बऱ्याच अर्ध्या ओढलेल्या.

"हे काय, काकू?"

"दुधात बुडवलेलं बोट चाटलं होतं हो त्यानं त्या दिवशी."

काका दारातच उभे. "तुम्हीच सांगा, डॉक्टर."

'निर्णय तुमचा' म्हणून हात वर करणं मला पटत नाही. वर्षानुवर्षं सांभाळलेल्या जिवाचं ओझं एकट्या घरच्यांवर का टाकायचं? म्हटलं, माझा असता तर आजच.

आधी सगळं सांगून टाकलं. डोळे उघडेच राहतील, लघवी होईल, मागाहून एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल. हे ठाऊक नसलं की माणसं हादरतात. मग गुंगीचं इंजेक्शन. काकू त्याचा कान चोळत बसल्या. गाढ झोप लागल्यावर शिरेतून भुलीच्या औषधाचा जादा डोस. हृदय थांबल्याची पुन्हा पुन्हा खात्री केली.

पुतण्यानं बांधावर गुडघाभर खड्डा काढला होता. "बास की, डॉक्टर!" बास नव्हतं. औषध अंगात राहतं. कुणी उकरून खाल्लं तर तेही मरेल. छातीइतका हवा, म्हटलं. तो कुरकुरला, तसे सत्तरीचे काका धोतर खोचून स्वतःच खड्ड्यात उतरले. मग मात्र त्यानं त्यांच्या हातातली कुदळ काढून घेतली.