चेक गाणी आणि ते गोलातलं 'आर'

चेक रॉकबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. प्रागच्या एका सहकाऱ्याने 2000 नंतरच्या पॉप-रॉकचं एक संकलन जुन्या लॅपटॉपवर एमपीथ्री करून ठेवलं होतं, तो फोल्डर त्याने मला दिला. गाणी मस्त वाजली. पण गातंय कोण, ते कळायला मार्ग नाही! एका बँडच्या नावात ट्रेडमार्कवालं गोलातलं 'आर', दुसऱ्याच्या नावात 'श'च्या जागी वर चढवलेला इवलासा '1' हा आकडा. श्रीलिपीतली फाइल फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की जे दिसतं, तेच हे. असलं काही शोधून कोण सापडणार?

प्लेअर पैसे मोजून घेतलेला, म्हणून त्यांच्या मदत कक्षाचा फॉर्म भरला. तक्रारीच्या प्रकारांत भाषा किंवा अक्षरं असा पर्यायच नाही, 'इतर' निवडावं लागतं. उत्तर आलं: फाइल खराब आहे, पुन्हा डाउनलोड करा. अहो, गाणं नीट वाजतंय, फक्त नाव बिघडलंय! मग स्क्रीनशॉट मागितला, फोनचं मॉडेल मागितलं. ते दिलं तर दुसऱ्याच कोणीतरी पुन्हा मॉडेल विचारलं. शेवटी 'समस्या सोडवली' म्हणत तिकीट बंद, आणि वर सेवेला तारे द्या म्हणून मेल. एक तारा दिला. शून्याची सोय नव्हती.

खरं दुखणं एवढंच: फाइलमध्येच लिहिलेली गाण्या-बँडची नावं, म्हणजे टॅग, चेकसाठीच्या आयएसओ 8859-2 या कोडपेजमध्ये (कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर, याचा तक्ता) लिहिलेली आणि प्लेअर ती पश्चिम युरोपच्या 8859-1 मध्ये वाचतोय. टॅग दुरुस्त करायच्या एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये 'कन्व्हर्ट कोडपेज' आहे, तिथे 8859-2 निवडा. विंडोज 1250 ही कोडपेजही चेकसाठीच आहे, पण ती घेतली तर बरीच अक्षरं सुधारतात आणि गोलातलं 'आर' तसंच राहतं. झेडच्या डोक्यावर छोटा 'व्ही' आला की जमलं समजा.

त्या 'आर'मागे निघाला म्न्यागा आ झ्द्योर्प, मोराव्हियातल्या व्हालाश्स्के मेझिरिचीचा बँड. वर चढलेला एक म्हणजे हाविर्झोव्हचा क्रिश्तोफ. त्याचा गायक रिचर्ड क्रायचो नटही आहे. चिनास्की, लुत्सिये, ओस्ट्राव्हाचा बुती यांच्या नावांत टोप्याच नाहीत, त्यामुळे ते पहिल्यापासून ठीक दिसत होते आणि साहजिकच मी आधी तेवढेच ऐकले. मला सगळ्यात आवडला प्रागचा ताता बॉयस: मिलान त्साइस ड्रम्सही वाजवतो आणि गातोही.

हो, टॅग बदलण्याआधी फोल्डरची कॉपी काढून ठेवा. आणि काही नावं मध्येच तुटलेली दिसली तर कोडपेजशी झटापट करू नका. जुन्या टॅगमध्ये गाण्याच्या नावाला 30 अक्षरांचीच जागा असते, ती हातानेच पुरी करावी लागतात.

कबात हा बँड मात्र दणदणीत गिटार आवडत असेल तरच लावा. 2007 साली युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत चेक प्रजासत्ताकाची पहिली एंट्री त्यांचीच होती आणि त्यांना मिळाला एक गुण. घरच्या मैदानात मात्र ते स्टेडियम भरवतात.