नावबदल्या : भांडणारे ऑप्शन्स मार्गी लावले

फाइलींची नावं घाऊक बदलणारं माझं सी भाषेतलं टूल, ‘नावबदल्या’, आता ऑप्शन्सच्या (कमांडमागे टाइप केलेल्या सूचनांच्या) बाबतीत शहाणं झालंय. नावं बदलण्याचा गाभा आधीच तयार होता. या खेपेचा सगळा वेळ गेला तो कुणी उलटसुलट टाइप केलं तर काय करायचं, यात.

अनोळखी ऑप्शनचं काम सोपं. ऑप्शन्स वाचणारं तयार फंक्शन, गेटऑप्ट_लाँग, प्रश्नचिन्ह परत देतं आणि मेसेज स्वतःच स्टँडर्ड एररवर (चुकांच्या मेसेजसाठीच्या वेगळ्या वाटेवर) छापतं. मी त्याखाली ‘--हेल्प’ बघा एवढी एकच ओळ घालतो. अख्खं हेल्प ओतलं की मूळ मेसेज वर सरकून दिसेनासा होतो. एक्झिट कोड, म्हणजे टूल संपताना सिस्टिमला देतं तो आकडा, २. बीएसडी युनिक्सच्या सिसएक्झिट्स या कोडच्या यादीत यासाठी ६४ आहे, पण लिनक्सवरची ग्रेप, डिफ, एलएस ही टूल्स २ देतात, मीही तोच घेतला.

खरी गंमत परस्परविरोधी ऑप्शन्सची. फाइली पुसणाऱ्या आरएमला ‘-आय’ (दर वेळी विचार) नंतर ‘-एफ’ (न विचारता पूस) दिला की ते ‘-आय’ विसरतं. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकालाही हे चालतं, फक्त तसं लिहून ठेवलेलं हवं. अनेकांना हा ढिसाळपणा वाटतो. मला नाही वाटत. कित्येकांनी आरएमचा एलियासच (नाव टाइप केलं की त्याजागी चालणारी कमांड) ‘आरएम -आय’ असा केलेला असतो. तिथे ‘-एफ’ दिल्यावर टूल अडून बसलं असतं, तर तो एलियास कुणी ठेवलाच नसता. उलट अनेक फाइली एका अर्काइव्हमध्ये बांधणाऱ्या टारला ‘-सी’ (बनव) आणि ‘-एक्स’ (उघड) एकत्र द्या, ते साफ नकार देतं. अर्काइव्ह बनवायचं की उघडायचं, हे त्यानं अंदाजानं का ठरवावं?

म्हणून माझी विभागणी अशी: काम कसं करायचं एवढंच सांगणारे ऑप्शन्स असतील तर शेवटचा जिंकतो, जसे ‘--क्वाएट’ (गप्प राहा) आणि ‘--व्हर्बोज’ (सविस्तर सांग). कामच बदलत असेल, जसं ‘--अपर’ (इंग्रजी मोठी अक्षरं) आणि ‘--लोअर’ (लहान अक्षरं), तर दोघांची नावं घेऊन एरर. एक अपवाद मुद्दाम ठेवलाय: ‘--ड्राय-रन’ (नुसती रंगीत तालीम) कुठेही आला तरी ‘--फोर्स’वर (जबरदस्तीनं कर) मात करतो, क्रम काहीही असो. ज्यानं ड्राय-रन मागितलाय त्याच्या फाइलींना हात लागता कामा नये.

हे सगळं पहिल्या फाइलीला हात लावायच्या आधी. ऑप्शन्स वाचण्याच्या (पार्सिंगच्या) लूपमध्ये नुसती नोंद होते, तपासणी नंतर, काम त्याच्याही नंतर. अर्ध्या फाइलींची नावं बदलून झाल्यावर ‘ऑप्शन चुकीचा’ म्हणणाऱ्या टूलचा मला मनापासून राग येतो.

‘--स्टार्ट’च्या आकड्यासाठी एटॉय हे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन वापरलं नाही. ते ‘१२एबीसी’चे मुकाट १२ करतं आणि नुसत्या ‘एबीसी’चं शून्य. त्याच कामाचं एसटीआरटॉल घेतलं: एररनो (चुकीचा कोड जिथे नोंदला जातो तो) आधी शून्य करायचा, मग एंड पॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा) जागचा हलला का, शेवटपर्यंत पोचला का आणि ईरेंज (आकडा मर्यादेबाहेर) आला का, हे बघायचं. चार ओळी जास्त लागतात, लागू देत.

एक गोष्ट अजून खटकतेय. गेटऑप्ट_लाँग ‘--व्हर्ब’ला ‘--व्हर्बोज’ समजून घेतं, तशा सुरुवातीचा दुसरा ऑप्शन नसेल तोवर. उद्या मी ‘--व्हर्बॅटिम’ आणला की तेच संक्षिप्त रूप संदिग्ध ठरणार आणि कुणाची तरी स्क्रिप्ट अडणार. पायथन भाषेच्या आर्गपार्स या अशाच लायब्ररीत आवृत्ती ३.५ पासून हे बंद करता येतं. इथे मी सध्या टाइप केलेला शब्द पूर्ण नावाशी स्वतःच ताडून बघतोय. कोड जरा कुरूप झालाय. कुणी याहून सुटसुटीत केलं असेल तर दाखवा.