घट बसले असताना मिल्टन आलं

फ्लोरिडात घरच्या पत्त्याबरोबर आणखी एक अक्षर पाठ असावं लागतं, ते म्हणजे आपला इव्हॅक्युएशन झोन, वादळ आलं की घर रिकामं करायचा विभाग. समुद्राचं पाणी सगळ्यात आधी जिथे शिरणार तो ए, मग बी, सी असं ई पर्यंत. आमचं टॅम्पातलं घर बी मध्ये येतं. घराचं कर्ज देताना बँक जो फ्लड झोन बघते तो निराळा, तो विम्यासाठी. इथे कितीतरी लोक ‘आम्ही एक्स मध्ये आहोत, आम्हाला काही भीती नाही’ असं सांगतात, तेव्हा ते दुसऱ्याच, विम्याच्या नकाशाबद्दल बोलत असतात.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन चक्रीवादळ येऊन गेलं होतं. आमच्यापासून शंभराहून जास्त मैल दूर, आखातातून ते वर सरकलं आणि २६ तारखेच्या रात्री उत्तरेला पेरीजवळ जमिनीवर आलं. एवढ्या लांबून जाऊनही टॅम्पा बेचं, म्हणजे आमच्या खाडीचं, पाणी सहा-सात फूट चढलं. किनाऱ्यालगतच्या घरांत गुडघ्याच्या वर खारं पाणी. त्यांचे भिजलेले सोफे, गाद्या, फ्रीज, भिंतींचे उखडलेले तुकडे रस्त्याकडेला रचलेले होते आणि ते उचलले जायच्या आतच ५ ऑक्टोबरला मिल्टन हे नव्या वादळाचं नाव कानावर आलं. वारा सुटला की या ढिगांतलं काय काय उडेल, ही नवीनच धास्ती.

सोमवारी, ७ तारखेला, ते बघता बघता पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं. वारे ताशी १८० मैल, दाब ९०० मिलिबारच्याही खाली उतरलेला. समुद्राचं पाणी २६-२७ अंश असलं तरी चक्रीवादळाला पुरतं. आखात तेव्हा ३० च्या आसपास तापलेलं होतं. सगळ्या ग्रुपवर ‘कॅटेगरी ५!’ एवढंच चाललेलं. पण श्रेणी ठरते ती फक्त वाऱ्याच्या वेगावर. पाणी किती येईल, पाऊस किती पडेल, यातलं ती काहीच सांगत नाही. टीव्हीवर नकाशात दाखवतात तो पांढरा शंकूही वादळाचा आकार दाखवत नाही, केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे तेवढंच दाखवतो. आणि तीनात एकदा केंद्र त्याच्याही बाहेरून जातं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. मूळच्या श्रीवर्धनच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झालेल्या त्यांनी बघितल्यात. मायामीच्या हरिकेन सेंटरचं पत्रक दर सहा तासांनी येतं, पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११. प्रत्येक वेळी त्या एकच विचारायच्या, “डोळा आपल्या वरून जाणार की खालून?”

डोळा म्हणजे वादळाचं केंद्र, आणि वर-खाली म्हणजे नकाशावर उत्तर-दक्षिण. खरा प्रश्न तोच होता. उत्तर गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. मिल्टन पश्चिमेकडून येत होतं. डोळा टॅम्पाच्या उत्तरेला चढला असता तर आम्ही त्याच्या दक्षिणेला, म्हणजे वारा समुद्राकडून जमिनीकडे आणि सगळं पाणी खाडीत. खालून गेला तर वारा जमिनीकडून समुद्राकडे. टॅम्पा बेसाठी इशारा होता पाणी १० ते १५ फूट चढण्याचा. डोळा कुठे येईल हे नक्की कळेपर्यंत थांबलं तर रस्ते उरत नाहीत. ए आणि बी रिकामे करायचा हुकूम आला तेव्हा आमचं ठरलेलंच होतं.

तयारीतला मोठा भाग कंटाळवाणा असतो. खिडक्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावणं, पासपोर्ट आणि विम्याचे कागद झिपच्या पिशवीत, औषधं, रोख पैसे, माणशी दिवसाला एक गॅलन पिण्याचं पाणी. घरातल्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, कपाटं उघडून, विम्यासाठी. पेट्रोल आम्ही जूनपासून टाकी अर्ध्याखाली जाऊच देत नाही, त्यामुळे पेट्रोल संपून पंपांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढल्या तरी आमचं अडलं नाही. फ्रीझरमध्ये पेल्यात पाणी गोठवून वर एक रुपया ठेवला. परत आल्यावर रुपया तळाशी दिसला तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजायचं.

राहिला घट. नवरात्राचे दिवस, गव्हाचे कोंब बोटभर वर आलेले, शेजारी अखंड दिवा. बंद घरात दिवा ठेवणं शक्यच नव्हतं, आणि घट हलवायचा कसा? मी विचारायला कचरत होते. सासूबाईंनीच परात मागितली. “हलवत नाहीत हे खरं, पण बुडू पण देत नाहीत,” म्हणाल्या, आणि देवीला सांगून दिवा शांत केला. ऑरलँडोपर्यंत ती परात त्यांच्या मांडीवर होती. आय-४ महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. ब्रेक लागला की त्यांचा एक हात कलशावरच्या नारळावर. मित्राच्या घरी पोचल्यावर आधी दिवा लागला, मग चहा.

बुधवारी, ९ तारखेला, रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन सरासोटाजवळ सिएस्टा की इथे चढलं. तोवर तिसऱ्या श्रेणीवर उतरलेलं. डोळा टॅम्पाच्या खालून गेला आणि टॅम्पा बेचं पाणी वाढायच्या ऐवजी ओसरून तळ दिसायला लागला. पाणी दक्षिणेकडच्या गावांत शिरलं. पण वाऱ्याने सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर फाडलं, एका दिवसात तिथे १८ इंचांहून जास्त पाऊस झाला आणि पार पूर्व किनाऱ्यावर सेंट लुसी काउंटीत दुपारीच, वादळ पोचायच्या आधी, टोर्नेडोंनी माणसं मारली. आम्ही ऑरलँडोत बाथरूमशेजारच्या आतल्या पॅसेजमध्ये गाद्या टाकून झोपलो, म्हणजे पडलो.

शुक्रवारी परतलो. सिग्नल बंद, वीज नाही, कुंपण शेजाऱ्याच्या अंगणात. घर कोरडं. रुपया बर्फात निम्म्यावर अडकलेला. पनीर आणि भाज्या टाकल्या, लोणचं ठेवलं. शेजारच्या गल्लीत कोणीतरी जनरेटर गॅरेजमध्येच चालवत होतं, त्यांना नवऱ्याने जाऊन बाहेर काढायला लावला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळानंतर त्याने जाणारे जीव दरवेळी असतात. पुढचे काही दिवस हिल्सबरो नदी चढत राहिली आणि कुठल्याही झोनमध्ये नसलेल्या वस्त्यांत पावसाचं पाणी शिरलं.

“उगाच गेलात, काही झालं नाही,” असं ऐकवणारे भेटलेच. डोळा टॅम्पाच्या उत्तरेकडून गेला असता तर हे बोलायला ते कुठे असते, असं तोंडावर आलं होतं, पण दसरा होता.

कुंपणाचा खर्च विम्यातून मिळाला नाही. हरिकेनसाठी कपात वेगळी असते, बहुतेक वेळा घराच्या विमारकमेच्या दोन टक्के. चार लाख डॉलरच्या घराला पहिले आठ हजार आपले. आणि समुद्राचं पाणी त्या विम्यात धरतच नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत तो लागू व्हायला ३० दिवस जातात, म्हणजे वादळाला नाव पडल्यावर घेऊन उपयोग नाही. सीझन १ जूनला सुरू होतो. पुराच्या विम्याच्या नूतनीकरणाची तारीख आम्ही एप्रिलमध्ये टाकून घेतली आहे.