हक्कांच्या कामासाठी मानसशास्त्रातील एम. ए. : सीमाभागातील कार्यकर्त्यांनी काय पाहावे

मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांसाठी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना कधी ना कधी पदवीचा प्रश्न पडतोच. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर किंवा जिल्हा पंचायतीच्या बैठकीत आपले म्हणणे मांडताना ‘आपले शिक्षण काय?’ असे विचारले जाते, आणि मग घर, नोकरी व संस्थेचे काम सांभाळून ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम. ए. करावे, असा विचार सुरू होतो. याच कामात असल्यामुळे माझ्याकडेही अनेक जणी ही विचारणा करतात, म्हणून माझे मत येथे सविस्तर मांडत आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, कारण महाजालावरील जुन्या जाहिराती आणि माहितीपत्रके पाहून अजूनही फसगत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये असा निर्णय घेतला की, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम, ज्यांत मानसशास्त्राचाही समावेश आहे, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत. त्यामुळे कोणी ‘घरबसल्या मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी’ देऊ करत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे नाव, तो अभ्यासक्रम आणि ते सत्र या तिन्ही गोष्टी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत आहेत का, हे स्वतः पाहावे. एजंटाच्या शब्दावर विसंबू नये.

या निर्णयाचे मला मनापासून वाईट वाटले, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. इग्नूच्या एम. ए. मानसशास्त्र अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळत असे, किमान दोन आणि कमाल चार वर्षांत तो पूर्ण करता येत असे, आणि खानापूर तालुक्यातील ज्या गावांतून शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते, तेथील विवाहित स्त्रीसाठी तो बहुधा एकमेव मार्ग होता. मात्र निर्णयामागील चिंता खोटी आहे, असेही मला म्हणवत नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलण्याचे कौशल्य पुस्तिका वाचून आणि स्वाध्याय लिहून येत नाही, त्यासाठी कोणीतरी जाणत्याने आपले काम जवळून पाहावे लागते आणि चुकले तेथे थांबवावे लागते.

तरीही आपल्याला ही पदवी नेमकी कशासाठी हवी आहे, हा प्रश्न उरतोच. साधी एम. ए. केल्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि परिषदेकडील नोंदणी लागते. म्हणून ज्यांना उपचार करायचे आहेत आणि ज्यांना उपचार मिळवून द्यायचे आहेत, त्यांनी एकाच माहितीपत्रकावरून निर्णय घेऊ नये. उपचार मिळवून देण्याच्या कामासाठी मानसशास्त्राइतकेच कायद्याचे ज्ञान लागते, आणि माझ्या अनुभवात तर आधी कायदाच लागतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १८ नुसार शासनाने चालवलेल्या किंवा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. कलम ५ नुसार आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येते, तर कलम १४ नुसार आपला प्रतिनिधी नेमता येतो. कलम २७ मोफत कायदेविषयक साहाय्याचे आहे. कलम ११५ मुळे, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध काही सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला भरता येत नाही. हे शेवटचे कलम माहीत नसल्यामुळे आजही कुटुंबे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात खरी हकीकत सांगत नाहीत, आणि उपचारांतले पहिले मोलाचे तास हातचे जातात. हे सारे मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात ओझरते येते. पुण्यातील आयएलएस विधी महाविद्यालयाचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मानसिक आरोग्य कायदा आणि मानवी हक्क या विषयाची पदविका चालवत आले आहे, तिची सध्याच्या प्रवेशाची स्थिती अवश्य विचारून घ्यावी.

मग मानसशास्त्राचा उपयोग कोठे होतो? निपाणी परिसरातील विडी कामगार स्त्रियांचे उदाहरण घेते. नैराश्याची प्राथमिक चाचपणी करण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती मराठीत व कन्नडमध्येही आहे. गेल्या दोन आठवड्यांत थकवा किती दिवस जाणवला, असे विचारले की मांडीवर सूप घेऊन पाने कापत बसलेल्या मावशी हात न थांबवता म्हणतात, “ते काय, रोजचंच की.” झोपेचे विचारले तर पाठ आणि खांदा धरल्याने रात्री कूस बदलता येत नाही, असे सांगतात. दोन्ही प्रश्नांना पूर्ण गुण पडतात आणि बेरीज वाढते. परंतु ती बेरीज नैराश्य दाखवते, दिवसभराच्या बैठ्या कष्टांचा परिणाम दाखवते, की दोन्ही, हे ठरवण्यासाठी चाचणीची विश्वसनीयता (ती पुन्हा घेतली तरी तसेच उत्तर येते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच ती मोजते का) म्हणजे काय, हे कळावे लागते. ते न कळता आपण आकडे घेऊन अधिकाऱ्यांकडे गेलो आणि एखाद्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला, तर ज्या स्त्रियांसाठी आपण गेलो त्यांचीच बाजू लंगडी पडते. म्हणूनच अभ्यासक्रम निवडताना पुष्कळांना कंटाळवाण्या वाटणाऱ्या संशोधनपद्धती आणि सांख्यिकी या विषयांना मी सर्वांत वरचे स्थान देते. त्याखालोखाल सामाजिक मानसशास्त्र आणि समुदाय मानसशास्त्र. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त त्यानंतर आले तरी चालतील.

या भागाला मानसिक आरोग्याच्या सार्वजनिक कामाचा जुना वारसा आहे, याचाही उपयोग करून घ्यावा. आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात जो प्रयोग केला, त्याच्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकाच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची सेवा देण्याची योजना आहे. आपल्या तालुक्यात ती प्रत्यक्षात मिळते का, औषधे तेथेच मिळतात की बाहेरून आणावी लागतात, याची नीट नोंद ठेवणे हा एम. ए.च्या प्रकल्पाचा उत्तम विषय होऊ शकतो आणि तोच पुढे निवेदनाचा आधारही होतो.

आज ज्यांना पदवीच हवी आहे, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम हाच भरवशाचा मार्ग आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे, आणि धारवाडलाच डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाही आहे. समाजकार्याची पदवी दूरस्थ पद्धतीने घेऊ पाहणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण २०२१ च्या त्या कायद्याच्या सूचीत वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचाही उल्लेख आहे. परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांतून वाचन भरपूर होते, परंतु येथील शासकीय किंवा विद्यापीठीय कामासाठी ती पदवी ग्राह्य धरली जाईलच असे नाही, आणि मनोरुग्णांच्या हक्कांचा जो कायदा त्यात शिकवला जातो तो त्या देशाचा असतो.

भाषेविषयी मात्र प्रवेश घेण्यापूर्वीच विभागप्रमुखांशी बोलून घ्यावे. व्याख्याने इंग्रजीत असतात, कार्यालयीन कागद कन्नडमध्ये असतात, आणि आपल्याकडे येणारी माणसे घरात मराठी बोलतात. प्रात्यक्षिकात घेतलेल्या मुलाखती मराठीत करता येतील का, त्या तपासणारे मार्गदर्शक मराठी समजणारे असतील का, आणि क्षेत्रकार्य बेळगाव जिल्ह्यातच करण्याची मुभा मिळेल का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे. कन्नड लिहिता-वाचता येत नसेल, तर प्रवेशाची वाट न पाहता ते आजपासून शिकायला घ्यावे, कारण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज कोठे अडला आहे, हे त्या कागदावरील शेरा वाचता आल्याशिवाय आईवडिलांना सांगता येत नाही.